नेटवर्कची पीकपाहणी

जून महिना. अकरावीच्या, डिप्लोमाच्या प्रवेशाची धावपळ, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेवा केंद्राबाहेर रांग आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. दहा मिनिटांनी येते. राउटरचे दिवे लुकलुकतात, नेट सुरू होते, संगणकावर अर्ज उघडतो; प्रिंटर मात्र ‘ऑफलाइन’. वायर काढून लावली, प्रिंटर बंद करून चालू केला, तरी ऑफलाइनच. शेवटी केडगावहून नाहीतर दौंडहून माणूस बोलवायचा. तो येतो, लॅपटॉप उघडतो, पाच मिनिटांत प्रिंट काढून दाखवतो आणि पैसे घेऊन जातो. पुणे–सोलापूर महामार्गावर चौफुला आणि पाटस यांच्या मधे असलेल्या वरवंडात काय, किंवा यवत-कुरकुंभात काय, हे ओळखीचे दृश्य आहे.

त्या माणसाने पाच मिनिटांत जे केले त्याला नेटवर्क स्कॅन म्हणतात. लाइट गेली तेव्हा राउटर बंद पडला आणि परत चालू झाल्यावर त्याने सगळ्या यंत्रांना पत्ते नव्याने वाटले. सकाळी चार नंबरवर असलेला प्रिंटर आता सात नंबरवर गेला, संगणक मात्र अजून चार नंबरचे दार ठोठावत बसला. नेटवर्कवर या क्षणी कोण कोण जागे आहे, कोणत्या नंबरवर आहे, एवढे विचारले की गोष्ट मिटते. हे विचारायला बाहेरचा माणूस लागत नाही. लागते ती थोडी समज, एक फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आणि एक वही.

प्रिंटर सापडणे हा यातला लहान फायदा. मोठा फायदा असा की, आपल्या वायफायवर किती यंत्रे आहेत हे मालकाला बहुतेक वेळा ठाऊकच नसते. बोटांवर मोजायला सांगितले तर दोन संगणक, प्रिंटर आणि घरातले मोबाइल एवढेच तो सांगेल. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, हजेरीचे थंब मशीन, भिंतीवरचा स्मार्ट टीव्ही, केबलवाल्याने मागच्या खोलीत लावून दिलेला दुसरा राउटर, शेजारच्या दुकानदाराला ‘दोन दिवसांसाठी’ दिलेला पासवर्ड, हे सगळे मोजणीतून सुटते. सातबाऱ्यावर गेल्या वर्षीचा ऊस लिहिलेला असावा आणि रानात कांदा उभा असावा, तसाच हा प्रकार. म्हणून तर १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन फोटोसह पीक नोंदवायचे ठरले. नेटवर्कलाही अशीच पाहणी हवी: कागदावर काय आहे ते बाजूला ठेवून, आत्ता काय उभे आहे ते बघायचे.

मोजणी दुसराही करतो

हे काम आळसापोटी टाळू नये, याचे कारण उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरात मिळते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या नावाने ओळखल्या गेलेल्या घातक प्रोग्रामने जगभरातल्या कंपन्यांचे संगणक बंद पाडले. मर्स्क ही डॅनिश जहाज कंपनी त्यात भरडली गेली आणि तिच्याच समूहाकडून चालवले जाणारे न्हावा-शेव्यातले गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनलही ठप्प झाले. कंटेनरची नोंद हाताने करण्याची वेळ आली. या प्रोग्रामची सुरुवात झाली होती युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्कला पुढे सुमारे चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा कंपनीचा स्वतःचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलरचा होता.

नॉटपेट्या एका संगणकातून हजारोंपर्यंत पोहोचला कसा? आत शिरल्यावर त्याने आजूबाजूला कोणती यंत्रे जागी आहेत याची यादी केली, कोणाचे फाइल शेअरिंगचे दार उघडे आहे ते तपासले आणि त्या दारातून पुढे सरकला. त्याच वर्षी मे महिन्यातल्या ‘वॉनाक्राय’ची चालही अशीच होती. मालक ज्या मोजणीचा कंटाळा करतो, ती मोजणी घुसखोर पहिल्या काही मिनिटांत करून टाकतो. त्याच्याआधी ती मालकाने केलेली असावी, एवढाच या लेखाचा आग्रह.

पत्ते कसे वाटले जातात

घरात किंवा दुकानात राउटर जे पत्ते वाटतो ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक नियमांत तीन गट खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले: १० ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१ हा आणि १९२.१६८ हा. वरवंडातल्या दुकानात आणि शिरूरच्या दवाखान्यात एकच १९२.१६८.१.५ हा पत्ता एकाच वेळी सुखाने नांदतो, तो यामुळे. बाहेरच्या जगाला हे पत्ते दिसत नाहीत. राउटर मधे उभा असतो.

नेहमीच्या छोट्या नेटवर्कमध्ये शेवटचा आकडा १ ते २५४ मधला असतो. म्हणजे पाहायची दारे जास्तीत जास्त २५४. आपले नेटवर्क नेमके कोणते, हे विंडोज संगणकावर असे कळते: स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ लिहून काळी खिडकी उघडायची, त्यात ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करून एंटर दाबायचे. (या लेखातल्या आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, संगणकावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात.) समोर आलेल्या ओळींत ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ हा त्या संगणकाचा नंबर आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ हा राउटरचा. संगणक १९२.१६८.१.२३ आणि गेटवे १९२.१६८.१.१ असेल, ‘सबनेट मास्क’ २५५.२५५.२५५.० असेल, तर पाहणी १९२.१६८.१.१ पासून १९२.१६८.१.२५४ पर्यंत करायची. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर उतरून घ्यावेत.

पहिली फेरी: राउटरलाच विचारणे

ब्राउझरमध्ये गेटवेचा नंबर टाकला की राउटरचे पान उघडते. तिथला पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. बहुधा राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला. आत ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’ किंवा ‘डीएचसीपी क्लायंट लिस्ट’ असे पान सापडते. नाव, नंबर आणि मॅक पत्ता (म्हणजे यंत्राची स्वतःची ओळख) अशी तीन रकान्यांची यादी.

ही यादी उपयोगाची असली तरी पुरी नसते. राउटरने ज्यांना स्वतः नंबर वाटला त्यांचीच नोंद ‘डीएचसीपी’च्या यादीत असते. कॅमेरेवाल्याने डीव्हीआरला हाताने पक्का नंबर दिला असेल तर तो तिथे दिसत नाही. उलट, तासाभरापूर्वी निघून गेलेल्या पाहुण्याचा मोबाइल तिथे अजून दिसू शकतो, कारण त्याला दिलेल्या नंबराची मुदत संपलेली नसते. म्हणून दुसरी फेरी लागते.

दुसरी फेरी: हाक मारून बघणे

‘पिंग’ हा जुना उपाय. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी तो लिहिला. पाणबुड्यांच्या सोनारमध्ये आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. काळ्या खिडकीत ‘पिंग’, एक जागा सोडून १९२.१६८.१.१ असे टाइप केले की राउटरकडून चार उत्तरे येतात आणि प्रत्येकाला किती मिलिसेकंद लागले तेही दिसते.

हाताने सगळ्या २५४ दारांवर असे करायचे म्हटले तर अवघड आहे. विंडोजचा पिंग चार वेळा हाक मारतो आणि उत्तर आले नाही तर प्रत्येक हाकेला सुमारे चार सेकंद थांबतो. म्हणजे एका रिकाम्या दाराला सोळा सेकंद आणि सगळी आळी फिरायला तासाहून जास्त. शिवाय उत्तर न देणारे सगळेच झोपलेले असतात असेही नाही. विंडोज संगणकाची फायरवॉल पुष्कळदा पिंगला दाद देत नाही. संगणक चालू, त्यावर बिले निघताहेत, आणि पिंग म्हणतो ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. इथे नवखा माणूस फसतो.

यावरचा तोडगा नेटवर्कच्या पायातच आहे. एकाच नेटवर्कमधल्या दोन यंत्रांना एकमेकांशी बोलायचे तर आधी एक प्रश्न सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारला जातो: अमुक नंबर कोणाचा? ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता सांगतो. या पद्धतीचे नाव एआरपी, आणि ती डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये मांडली. पिंगला गप्प राहणारे यंत्रही या प्रश्नाला उत्तर देते, कारण इथे गप्प बसले तर त्याचे स्वतःचेच काम अडते. म्हणून आपल्याच नेटवर्कवर शोध घेताना एआरपीचा भरवसा पिंगपेक्षा जास्त. ‘एआरपी’, एक जागा, वजा चिन्ह आणि लगेच ‘ए’ अशी आज्ञा दिली, की संगणकाचा अलीकडे ज्यांच्याशी संबंध आला त्यांची यादी मिळते. सगळ्यांची मात्र नाही.

तिसरी फेरी: खरे स्कॅनर

सगळ्यांची यादी हवी तर स्कॅनर वापरावा. संगणकासाठी अँग्री आयपी स्कॅनर आणि अ‍ॅडव्हान्स्ड आयपी स्कॅनर ही दोन फुकट सॉफ्टवेअर सोपी आहेत: सुरुवातीचा नंबर, शेवटचा नंबर, आणि ‘स्कॅन’चे बटण. मोबाइलवर फिंग हे अ‍ॅप चालते. मात्र नव्या अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये अ‍ॅपला मॅक पत्ते पाहण्यावर बंधने आली आहेत. मोबाइलवरची यादी त्यामुळे कधी कधी अर्धवट निघते. पहिली पाहणी संगणकावरून, शक्यतो लॅनची वायर जोडून करावी.

या क्षेत्रातले जाणते लोक वापरतात ते एनमॅप. गॉर्डन लायन यांनी ‘फ्योदोर’ या टोपणनावाने सप्टेंबर १९९७ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकाच्या ५१ व्या अंकात ते प्रसिद्ध केले, आणि आजही ते फुकट आहे. २००३ च्या ‘द मॅट्रिक्स रीलोडेड’ या चित्रपटात नायिका वीजकेंद्राच्या संगणकात शिरते तेव्हा पडद्यावर एनमॅपच चालताना दिसते. त्याची साधी मोजणीची आज्ञा अशी: ‘एनमॅप’, एक जागा, वजा चिन्ह आणि ‘एसएन’, पुन्हा एक जागा, आणि १९२.१६८.१.०/२४. शेवटचे २४ म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे कायम ठेवून चौथा बदलत जायचा. ‘एसएन’मुळे ते फक्त कोण जागे आहे एवढेच पाहते, कोणाची दारे-खिडक्या चाचपत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवले की आपल्या नेटवर्कवर ते आपोआप एआरपी वापरते आणि काही सेकंदांत यादी देते: नंबर, मॅक पत्ता आणि बनवणाऱ्या कंपनीचे नाव. शेवटच्या ओळीत २५६ पत्ते (० आणि २५५ धरून) पाहिले, त्यांतले इतके जागे, असा हिशेब येतो. हाताने तासाभराचे काम ते हे.

एक सावधगिरी: सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावे. शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातीच्या दुव्यावरून घेतलेला ‘स्कॅनर’ हाच चोर असू शकतो.

नव्या फायबर जोडण्यांवर आयपीव्ही६ हे लांबलचक पत्तेही चालू असतात. तिथे एका नेटवर्कमध्येच एकावर एकोणीस शून्ये, त्याच्या जवळजवळ दुप्पट पत्ते मावतात. एकेक दार ठोठावून तिथे काही हाती लागत नाही. छोट्या दुकानात तीच यंत्रे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांवरही असतात, त्यामुळे वरची पाहणी पुरते.

यादी वाचायची कशी

यादी हाती आली की खरे काम सुरू होते. मॅक पत्ता म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. पहिल्या तीन जोड्या बनवणाऱ्या कंपनीला नेमून दिलेल्या असतात, त्यामुळे प्रिंटर, कॅमेरा, राउटर यांची कंपनी लगेच कळते. कधी नाव अनोळखी निघते. ‘एस्प्रेसिफ’ दिसले म्हणून दचकू नये. ही वायफायच्या चिपा बनवणारी कंपनी आहे आणि तिची चिप स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग अशा कशातही असते. विहिरीवरच्या मोटारीचा मोबाइल स्टार्टर बहुधा सिमकार्डावर चालतो, तो या यादीत येत नाही.

मोबाइलची गोष्ट वेगळी. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता न देता बनावट देतात, खासगीपणासाठी. असा पत्ता ओळखायची खूण सोपी आहे: त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असते. यादीत कंपनीचे नाव नसलेले आणि अशी खूण असलेले यंत्र दिसले तर तो बहुतेक घरातल्याच कोणाचा तरी फोन असतो.

तरीही ओळख पटली नाही, तर ते यंत्र कोणती सेवा देते ते पाहावे. एनमॅपला फक्त त्या एका नंबरावर, ‘एसएन’ न लावता चालवले की उघडे पोर्ट, म्हणजे त्याच्या एकेका सेवेची दारे, दिसतात. ९१०० उघडे असेल तर बहुधा प्रिंटर. ५५४ म्हणजे कॅमेऱ्याचे चित्र पाठवणारे यंत्र. ८००० किंवा ३७७७७ दिसले तर बाजारातल्या नेहमीच्या कंपन्यांचा डीव्हीआर असण्याची शक्यता मोठी. ४३७० वर पुष्कळ थंब मशीन बोलतात. ४४५ म्हणजे विंडोजचे फाइल शेअरिंग, वॉनाक्राय ज्यातून शिरला ते. ३३८९ म्हणजे दूरवरून संगणक चालवायची सोय. ती कोणी आणि का चालू ठेवली, याचे उत्तर मालकाकडे असलेच पाहिजे.

सगळ्यात खात्रीची ओळख वायरीने पटते. समजा, १९२.१६८.१.६४ हा नंबर कोणाचा ते कळत नाही. काळ्या खिडकीत ‘पिंग’ च्या पुढे तो नंबर आणि मग वजा चिन्हासह ‘टी’ द्यायचे. उत्तरे अखंड येत राहतात. एकाने पडद्याकडे बघत बसायचे, दुसऱ्याने नेटवर्क स्विचमधली (सगळ्या वायरी जिथे येतात त्या डब्यातली) एकेक वायर काढून पाच सेकंदांनी परत लावायची. पहिली काढली, उत्तरे चालूच. दुसरी काढली, काउंटरवरचा संगणक ओरडला, पण उत्तरे चालूच. तिसरी काढली आणि पडद्यावर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ उमटले. आता ती वायर धरून भिंतीच्या कडेने जायचे, जिथे पोहोचेल ते यंत्र ६४ नंबरचे. क्लिपच्या शेजारी चिकटपट्टीवर मार्करने ‘६४, डीव्हीआर’ लिहून टाकले की पुढच्या वेळचा शोध वाचतो.

पाहणी दिवसातून दोन वेगवेगळ्या वेळी करावी. भर गर्दीच्या वेळी एकदा, आणि शटर ओढल्यावर रात्री एकदा. रात्री राउटर, डीव्हीआर, कॅमेरे, थंब मशीन एवढेच जागे असायला हवेत. त्या वेळी एखादा फोन किंवा लॅपटॉप जागा दिसला, तर तो भिंतीपलीकडून चालत असण्याची शक्यता आहे.

वही आणि बंदोबस्त

वहीत प्रत्येक यंत्राची एक ओळ: काय आहे, कुठे ठेवले आहे, नंबर, मॅक पत्ता, कोणी बसवले, कधी बसवले. मग सुरुवातीच्या प्रिंटरचा प्रश्न कायमचा सुटतो. राउटरच्या पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते. तिथे प्रिंटरच्या मॅक पत्त्यापुढे एक नंबर लिहून ठेवला की लाइट कितीही वेळा गेली तरी त्याला तोच नंबर मिळतो. डीव्हीआर आणि थंब मशीनलाही असेच करावे.

पासवर्ड हा दुसरा भाग, आणि यात कॅमेरे सर्वांत कच्चे. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती. ‘अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन’ आणि ‘रूट, १२३४५६’ त्यातल्याच. तेवढ्यावर लाखो यंत्रे हाती लागली आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या माऱ्याने अमेरिकेतली कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. नुकसान फक्त दुसऱ्याचे होते असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांची चित्रे बाहेर विकली जात असल्याचे उघड झाले. त्या प्रकरणात गुजरात पोलिसांनी अटक केलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. महामार्गावरच्या दवाखान्यांनी, वसतिगृहांनी, मंगल कार्यालयांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कॅमेरे बसवणारा जाताना जो पासवर्ड टाकून गेला तो त्याच दिवशी बदलावा. मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून राउटरमध्ये त्याने ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ (बाहेरून थेट आत यायची वाट) केले असेल तर ते बंद करून घ्यावे.

गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचे असेल तर राउटरमधले ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करून त्याचाच पासवर्ड द्यावा. तिथे बसलेल्याला दुकानातले संगणक दिसत नाहीत. याची दुसरी बाजूही आहे: गेस्टवर बसून पाहणी केली तर फक्त राउटर दिसतो आणि सगळे आलबेल वाटते. पाहणी नेहमी मुख्य नेटवर्कवरून करावी.

अनोळखी यंत्र निघालेच तर आधी यादीचा फोटो काढावा, मग वायफायचा पासवर्ड बदलावा. सगळे बाहेर पडतील. जे ‘नेट चालत नाही’ म्हणून विचारायला येतील ते घरचे. एकेकाला नवा पासवर्ड देत वहीत नोंद करावी. वायरीने जोडलेले अनोळखी यंत्र सापडले तर वायर काढावी, पण यंत्र रिसेट करू नये. पोलिसांना किंवा तज्ज्ञाला तपासायचे ते त्याच्या आतच असते.

कुठे हात घालू नये

ही सगळी पाहणी स्वतःच्या नेटवर्कची. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणे हा गुन्हा ठरू शकतो; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मोजणी कुठे संपते आणि घुसखोरी कुठे सुरू होते, हा वाद पोलिस ठाण्यात घालण्यात शहाणपण नाही. शाळेतल्या संगणक कक्षात मुख्याध्यापकांची, ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, पतसंस्थेत व्यवस्थापकाची लेखी परवानगी आधी घ्यावी. बँक किंवा सरकारी विभागाच्या नेटवर्कला जोडलेला संगणक असेल तर तिथे हे प्रयोग करूच नयेत. संगणक सुरक्षेच्या घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत, सहा तासांच्या आत कळवायच्या घटनांच्या यादीत महत्त्वाच्या नेटवर्कचे हेतुपूर्वक केलेले स्कॅनिंगही धरले आहे.

दुसरी मनाई यंत्रांच्या जिवासाठी. पाटसचा साखर कारखाना, कुरकुंभची औद्योगिक वसाहत अशा ठिकाणी बॉयलर, पंप, व्हॉल्व्ह चालवणारे नियंत्रक नेटवर्कवर असतात आणि जुने नियंत्रक अनपेक्षित हाकेने बावचळतात. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने औद्योगिक यंत्रणांवरच्या आपल्या मार्गदर्शिकेत अशा घटना नोंदवल्या आहेत. एका ठिकाणी साधी पिंगची फेरी चालू असताना नऊ फुटी यांत्रिक हात अचानक जागा झाला आणि १८० अंशांत फिरला. खोलीतला माणूस सुदैवाने त्याच्या टप्प्याबाहेर उभा होता. दुसऱ्या ठिकाणी अशाच फेरीने चिप बनवणारी यंत्रणा अडकली आणि पन्नास हजार डॉलरचा माल वाया गेला. गळीत हंगामात कारखान्याच्या नेटवर्कवर कोणी हौसेने स्कॅनर चालवू नये. दवाखान्यातल्या सोनोग्राफी किंवा मॉनिटरच्या नेटवर्कलाही हाच नियम. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला समोर ठेवून, यंत्र वापरात नसताना काय ते करावे.

घरी किंवा दुकानात पहिल्या पाहणीला एक दुपार लागते. पुढे दर महिन्याला एक फेरी पुरे. नवा कॅमेरा बसला, राउटर बदलला, नोकरीवरचा माणूस सोडून गेला, की त्या दिवशी जादा फेरी मारावी. वहीतली पाने छापून किंवा हाताने लिहूनच ठेवावीत, आणि राउटरचा पासवर्ड त्याच वहीत लिहून ती काउंटरवर पडू देऊ नये. पैशाची फसवणूक झाल्याची शंका आली तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. त्या वेळी खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ आणि रक्कम हाताशी असली म्हणजे पैसे वाटेत अडवण्याची शक्यता वाढते. संगणकात शिरकाव झाल्याचा संशय असेल तर ताज्या पाहणीची यादीही सोबत ठेवावी.